बापाचं नाव घेतलं म्हणून हात उचलला

“मॅडम, घरी गाय आहे हो, शाळेत गेला की कुणाच्याही अंगावर जातो.” धुळे-अमळनेर पट्ट्यातल्या पालकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मीच बोलते: कुणीतरी बापाचं नाव घेतलं असणार. वर्गात बापाच्या नावानं हाक मारणं ही चिडवायची जुनी रीत.

नववीतला असाच एक मुलगा. कितीही भेटी झाल्या तरी एकच धोशा, “त्यानी मन्हा बापनं नाव काबरं लिधं?” समजावणं घरीदारी भरपूर झालं होतं. शाळेशी बोलून मी वर्गातच प्रसंग उभा केला: मधली सुटी, पाण्याची टाकी, रांगेतून हाक, मग झोंबाझोंबी.

पद्धत ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांची. १९७३ मध्ये पेरूच्या साक्षरता मोहिमेत त्यांनी ती घडवली. प्रसंग पुन्हा सुरू करायचा, बघणाऱ्यानं ‘थांब’ म्हणून पात्राची जागा घ्यायची, वेगळं वागून बघायचं. न पटणारा तोडगा वर्गानं ‘जादू!’ म्हणून उडवायचा. मूळ पद्धतीत अन्याय सोसणाऱ्याचीच जागा घेतात. मी प्रसंगातल्या बघ्यांचीही घेऊ देते, आणि माझा अनुभव आहे की खरं काम तिथंच होतं.

एकजण सरांकडे गेला. “चुगलखोर!” दुसऱ्यानं मिठीच मारली. “जादू!”

आमच्या या नववीतल्या मुलाला मी मुद्दाम रांगेतला बघ्या केलं होतं. तो म्हणाला, “थांब.” वाटलं, आता चिडलेल्याची जागा मागणार. पण तो बघ्याच राहिला, त्या पोराचा दंड धरला, “चाल भो, घंटा वाजनी.” जादू कुणीच म्हणालं नाही. मग मी बाकीच्या रांगेला सांगितलं, या खेपेला हसायचं नाही. चिडवणाऱ्याची दुसरी हाक घशातच विरली; बिचारा ओंजळभर पाणी पिऊन निघाला. आमचा मुलगा पटकन म्हणाला, “म्हणजे मॅडम, तो माले नही, यास्ले दाखाडस!” म्हणजे, तो मला नाही, या बघ्यांना दाखवतो.

राग पोराच्या स्वभावात शोधणारे पुष्कळ. मी आधी भोवतालचं कोंडाळं बघते.

शिक्षकांनो, गॅदरिंगला शांततेचं नाटक जरूर बसवा, पण पाठ केलेल्या संवादांकडून ही अपेक्षा ठेवू नका. खरी भांडलेली जोडी समोरासमोर उभी करू नका. नावं बदला, अंगाला झोंबायचं ते लांबूनच, आणि तोडगा आपण सुचवायचा नाही, जीभ कितीही वळवळली तरी. पालकांनी ‘दुर्लक्ष कर’ म्हणण्याऐवजी विचारावं, “तेव्हा बाजूला कोण होतं?” या मुलाच्या आईनं विचारलं, दोन नावं आली. त्या दोघांसोबतच तो आता टाकीवर जातो.

भांडणं कमी झालीत. कबड्डीच्या मैदानावरची अजून आहेत. पुढच्या तासिकेला तोच प्रसंग घेतेय.