‘वक्त’चे संवाद लिहिणारे अख्तर-उल-इमान शायर होते, मग त्यांची गाणी का ऐकायला मिळत नाहीत?

कारण दादा, त्यांनी पोटासाठी संवाद-पटकथा लिहिल्या आणि शायरी सिनेमापासून लांब ठेवली. ‘वक्त’ची (1965) गाणी साहिरची आहेत. पण राजकुमार चिनॉय सेठला काचेच्या घरावरून जे सुनावतो, ते अख्तर-उल-इमान यांचं. आमच्या भुसावळकडे अजूनही भांडणात ते वाक्य फेकलं जातं! ‘धर्मपुत्र’ आणि ‘वक्त’ या दोन्हींच्या संवादांसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. एकही गाणं नसलेल्या ‘कानून’चे संवादही त्यांचेच.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या जळगाव-भुसावळच्या मुशायऱ्यात दाद मिळते ती गझलेच्या शेराला. हे गडी नज्मचे, म्हणजे एका विषयावर सलग चालणाऱ्या उर्दू कवितेचे. बोलल्यासारखी, खडबडीत भाषा, चाल लावायला अवघड. ‘एक लडका’ या त्यांच्या नज्ममध्ये लहानपणी आमराईत, शेताच्या बांधावर हुंदडणारा पोरगा मोठ्या झालेल्या कवीचा पिच्छा पुरवतो आणि विचारत राहतो, अख्तर-उल-इमान तूच ना? पोटासाठी तडजोडी केलेल्या माणसाला हा प्रश्न किती झोंबत असेल! त्यांच्या ‘यादें’ या कवितासंग्रहाला 1962 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे.



सुरुवात ‘एक लडका’पासूनच करा. ओळखीत उर्दू शाळेचे गुरुजी असतील तर त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.