जमिनीत घुसलेल्या शिकाऱ्याला हाकलताना गोळी झाडावी लागली, तर ते स्वसंरक्षण ठरते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात तुम्ही 40 एकर रान विकत घेतले आहे. गेल्या हरणांच्या हंगामात दोन अनोळखी शिकारी रायफली घेऊन त्यात शिरलेले तुम्हाला दिसले. पुढच्या वेळी तुम्ही स्वतःची रायफल घेऊन त्यांना बाहेर काढायला गेलात, त्यांनी बंदूक रोखली आणि तुम्ही गोळी झाडली, तर कायदा ते स्वसंरक्षण मानेल का? टेक्ससमधल्या एका मित्राने तुम्हाला सांगितले आहे की जमीन आपली असली की कायदा आपल्याच बाजूचा असतो. दुसऱ्या कोणी रिकाम्या केबिनच्या दाराला बंदूक बांधून ठेवायचा सल्ला दिला आहे.

मी वकील नाही. मीही याच राज्यात रानाचा एक लहान तुकडा राखून आहे, शिकार करतो, आणि पुढे सांगितलेल्या एका प्रसंगानंतर एका फौजदारी वकिलासोबत बसून ही कलमे ओळीओळीने वाचून घेतली आहेत. म्हणून आधीच स्पष्ट लिहितो की तुमच्या मित्राचे म्हणणे चुकीचे आहे, आणि त्या समजुतीवर विसंबून रायफल घेऊन निघालात तर उरलेले आयुष्य तुरुंगात काढण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते.

मालकी आणि जीव या दोन गोष्टींचे हिशेब कायदा वेगवेगळे ठेवतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे विस्कॉन्सिनमध्ये बेकायदा आहेच. पाटी नसली तरी परवानगी लागते, आणि जखमी हरणाच्या मागावर असलेल्यालाही ती घ्यावीच लागते. पण या आगळिकीची शिक्षा कलम 943.13 प्रमाणे 1,000 डॉलरपर्यंतचा दंड एवढीच आहे, आणि तोही दिवाणी स्वरूपाचा, म्हणजे एरवी तो फौजदारी गुन्हासुद्धा धरला जात नाही. याउलट माणसावर जाणूनबुजून बंदूक रोखणे हा कलम 941.20 खालचा गुन्हा आहे, आणि त्याला 9 महिन्यांपर्यंत कैद आणि 10,000 डॉलरपर्यंत दंड आहे. म्हणजे तुमच्या रानात घुसलेल्या माणसाला घाबरवण्यासाठी तुम्ही नुसती नळी त्याच्याकडे वळवलीत, तरी त्या घटकेला दोघांपैकी मोठा गुन्हेगार तुम्ही ठरू शकता. माझ्या ओळखीच्या बहुतेक जमीनमालकांना ही गोष्ट ठाऊक नाही, आणि ठाऊक झाली की आधी त्यांचा विश्वास बसत नाही.

मालमत्तेच्या रक्षणाविषयी कलम 939.49 अगदी निःसंदिग्ध आहे. घुसखोराला थोपवण्यापुरते वाजवी बळ वापरता येते. पण केवळ मालमत्ता राखण्यासाठी जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल असे बळ जाणूनबुजून वापरणे वाजवी नाही, असे ते कलम सरळ सांगते. प्राणघातक बळाची मुभा कलम 939.48 मध्ये आहे, आणि ती तत्क्षणीचा मृत्यू किंवा गंभीर शारीरिक इजा टाळण्यासाठी ते आवश्यक आहे असा तुमचा वाजवी समज असेल तेव्हाच मिळते. तो समज वाजवी होता की नाही हे तुम्ही किती घाबरला होता यावरून ठरत नाही. सामान्य समजुतीचा, सावध माणूस त्याच जागी, त्याच क्षणी काय समजला असता यावरून ज्युरी, म्हणजे खटल्यासाठी निवडलेले सामान्य नागरिकांचे मंडळ, ते ठरवते. सरकार पक्षाला तुमचा बचाव वाजवी संशयापलीकडे खोडून काढावा लागतो, ही आरोपीच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. पळ काढण्याचे बंधनही या राज्यात नाही. मात्र मागे हटण्याची संधी होती का, याचा विचार ज्युरी करू शकते.

घराच्या रक्षणाचा जो विशेष नियम 2011 च्या कायद्याने इथे आला, त्याच्यावर अनेकांची भिस्त असते. तो राहते घर, वाहन आणि व्यवसायाची जागा यांच्यासाठी आहे. घर या शब्दात ओटा, गॅरेज, कुंपण, गाडीरस्ता हेही येतात, पण राहण्याच्या वापरातल्या आवारापुरतेच. घरापासून अर्ध्या मैलावरचे तुमचे ओक आणि मेपल त्यात बसत नाहीत. टेक्ससचा कायदा मालमत्तेच्या बाबतीत बराच सैल आहे हे खरे. तिथे रात्रीची चोरी किंवा रात्रीची नासधूस रोखण्यासाठी काही अटींवर प्राणघातक बळ चालते, परंतु नुसती घुसखोरी त्या यादीत तिथेही नाही. आपण ज्या कायद्याच्या छायेत वाढलो त्यात तरी काय आहे? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने खासगी संरक्षणाचा हक्क जुन्या भारतीय दंड संहितेतून जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे: साध्या फौजदारीपात्र अतिक्रमणाविरुद्ध मृत्यूखेरीज इतर इजा करता येते, आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क मुळी मिळतच नाही. म्हणजे तिन्ही ठिकाणी केवळ जमिनीत पाय ठेवला म्हणून कोणाचा जीव घेता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला कळीचा भाग: ‘त्यांनी बंदूक रोखली तर’. इथे मला माझा अनुभव सांगितला पाहिजे.

तो माझा शिकारीचा तिसरा हंगाम होता. सकाळी बोटभर बर्फ पडले होते. मी माझ्या मचाणावर होतो आणि नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस खाली मान घालून, दोन्ही हातांत रायफल आडवी धरून, माझ्या हद्दीच्या बराच आत येताना मला दिसला. माझा संताप झाला. मी खाली उतरलो, रायफल हातात घेतली आणि त्याच्या पाठीमागून, फार तर 25 पावलांवरून, जोरात ओरडलो. तो दचकून गर्रकन वळला, आणि त्याच्यासोबत त्याची नळीही वळली. ती माझ्या पोटावरून सरकत गेलेली मला स्पष्ट दिसली. माझा अंगठा सेफ्टीच्या खटक्यावर होता. त्याचा कुठे होता ते मला दिसत नव्हते. मग त्याने मान किंचित खाली वळवली, आणि त्याच्या नजरेमागे माझी नजर गेली. त्याच्या बुटांपुढे बर्फावर रक्ताचे थेंब होते, दर दोन-तीन फुटांवर एक, माझ्या रानात आत गेलेले. तो शेजारच्या हद्दीत जखमी झालेल्या हरणाच्या मागावर होता. मी माझी रायफल झाडाला टेकवून ठेवली, त्याने त्याची नळी जमिनीकडे केली, आणि आम्ही दोघांनी मिळून ते हरीण शोधले.

परवानगीशिवाय आत येण्याचा त्याला काहीही अधिकार नव्हता. पण तो क्षण त्याच्या जागेवरून पाहा: रानात एकटा माणूस, पाठीमागून आरोळी, वळून बघतो तो समोर हत्यारबंद अनोळखी इसम. त्याने गोळी झाडली असती, तर मृत्यूची वाजवी भीती वाटल्याचा दावा त्यालाही करता आला असता, कारण घुसखोरी केल्याने माणूस स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क गमावत नाही. आणि मी झाडली असती, तर सरकारी वकिलाने मला पहिला प्रश्न हाच विचारला असता, की तुम्ही सुरक्षित जागी, मचाणावर होता, तुमच्या खिशात फोन होता, मग बंदूक हातात घेऊन खाली का उतरलात? कलम 939.48 मध्ये कुरापतीचा वेगळा विचार आहे. बेकायदा वागून ज्याने हल्ला ओढवून घेतला, त्याचा स्वसंरक्षणाचा हक्क आक्रसतो. प्रामाणिकपणे भांडणातून माघार घेऊन, आणि ती माघार समोरच्याला कळेल अशा रीतीने घेऊनच तो परत मिळवता येतो. तुम्ही बंदूक रोखून गेलात तर कुरापत तुमची ठरण्याचा धोका आहे, मग सातबारा कोणाच्याही नावावर असो.

याच राज्यात हे सगळे एकदा प्रत्यक्ष घडून गेले आहे, आणि तुम्ही जिथे जमीन घेतली आहे तिथे ती आठवण अजून ताजी आहे. 21 नोव्हेंबर 2004 च्या रविवारी, सॉयर कौंटीत (जिल्ह्यात), ह्मोंग या मूळच्या आग्नेय आशियातल्या समाजातला एक शिकारी दुसऱ्याच्या खासगी रानातल्या मचाणावर बसलेला मालकाच्या गटाला आढळला. त्याला जायला सांगितले तेव्हा तो उतरून चालू लागला. मग गटातले आणखी लोक जमले, त्याला गाठले गेले, शिवीगाळ झाली. काही क्षणांत त्याने आठ जणांवर गोळ्या झाडल्या. सहा जण मेले, दोघे जखमी झाले. वांशिक शिव्या दिल्या गेल्या आणि पहिली गोळी आपल्यावर झाडली गेली, असा त्याचा बचाव होता. वाचलेल्यांनी पहिली गोळी त्याचीच होती असे सांगितले, आणि गटापाशी एकच रायफल होती असेही. मेलेल्यांपैकी काहींना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. ज्याला मृत्यूची भीती आहे तो पळणाऱ्याच्या मागे जात नाही, या साध्या तर्कापुढे बचाव टिकला नाही. सप्टेंबर 2005 मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि त्याला एकापाठोपाठ एक भोगायच्या सहा जन्मठेपा झाल्या. त्याच्या पाठीवरच्या शिकार-परवान्याचा क्रमांक गटातल्या एकाने गाडीवरच्या धुळीत बोटाने लिहून ठेवला होता.

त्या धुळीतल्या आकड्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. क्रमांक हाती होता आणि माणूस निघून चालला होता. तिथेच थांबून शेरीफला (कौंटीच्या पोलीसप्रमुखाला) कळवले असते, तर तो प्रसंग दंडाच्या पावतीवर मिटू शकला असता. मेलेल्यांवर दोष ठेवण्यासाठी मी हे म्हणत नाही. गुन्हा गोळी झाडणाऱ्याचाच होता. पण तुम्ही जमीनमालक आहात, आणि मालकाच्या हातात असलेली संधी नेमकी ती होती.

जानेवारी 2007 मध्ये याच राज्यातल्या पेश्टिगोजवळच्या सार्वजनिक शिकारी रानात उलट घडले. एका गोऱ्या शिकाऱ्याने एका ह्मोंग शिकाऱ्याला ठार केले आणि स्वसंरक्षणाचा दावा केला. प्रेत पानांखाली आणि लाकडाखाली दडवलेले सापडले. ज्युरीने त्याला दुसऱ्या प्रतीच्या हेतुपुरस्सर मनुष्यवधासाठी दोषी धरले आणि त्याला एकूण 69 वर्षांची शिक्षा झाली. गोळी झाडल्यानंतर माणूस काय करतो, यावरून झाडताना त्याच्या मनात काय होते ते ज्युरी वाचते. तुमच्या-माझ्यासारख्या सावळ्या माणसाला या दोन्ही खटल्यांत आणखी एक गोष्ट दिसते, ती मी लपवणार नाही: अशा वादात रंग आणि उच्चार लगेच मध्ये येतात. म्हणूनच आपण एकट्याने समोरासमोर जाणे आणखी टाळावे, असे माझे मत आहे. नुसत्या शब्दांनी, ते कितीही घाणेरडे असले तरी, प्राणघातक बळाचा हक्क मिळत नाही.

केबिनला बांधलेल्या बंदुकीबद्दल एवढेच: तो विचार आजच सोडून द्या. आयोवात एका दांपत्याने ओसाड शेतघरात दार उघडताच सुटेल अशी बंदूक लावली होती, आणि जुन्या बाटल्या-बरण्या शोधत आत शिरलेल्याच्या पायाला ती लागली. 1971 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या चोराला 30,000 डॉलरची भरपाई कायम केली. जे बळ मालकाला स्वतः हजर असता वापरता आले नसते, ते त्याच्या गैरहजेरीत यंत्राकरवीही वापरता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व आहे. इंग्लंडने तर असल्या बंदुका 1827 मध्येच बेकायदा ठरवल्या.

मग करायचे काय? हंगामाआधी हद्दीवर पाट्या लावा. कायद्याला प्रत्येक 40 एकरांमागे ठळक जागी किमान दोन पाट्या लागतात, प्रत्येक बाजूने निदान 11 इंचांची, आणि तिच्यावर सूचना देणाऱ्याचे नाव व त्यापुढे मालक किंवा कब्जेदार असा शब्द हवा. त्यापेक्षा जास्त लावल्या तर उत्तमच, कारण ‘मला दिसली नाही’ हे उत्तर तेवढ्याने संपते. शेजाऱ्यांची आधीच गाठ घ्या आणि जखमी हरणाच्या बाबतीत काय करायचे ते ठरवून ठेवा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक घुसखोरी या एकाच कारणाने होते, आणि फोन नंबरांची देवाणघेवाण झाली की ती जवळपास थांबते. कोणी दिसलाच तर अंतर राखा, मोठ्या झाडाचा आडोसा घ्या, गाडीच्या नंबरपाटीचा आणि माणसाचा फोटो काढा, आणि कौंटीच्या शेरीफला फोन करा. बोलायची वेळ आलीच तर समोरून, दुरून, हात दिसतील असे उभे राहून बोला. त्याच्या मचाणाखाली जाऊन उभे राहू नका. तुम्ही स्वतः शिकारीवर असाल तर रायफल खांद्याला अडकवलेली आणि नळी जमिनीकडे किंवा आभाळाकडे असू द्या. तो निघाला की त्याला जाऊ द्या, मागे जाऊ नका, वाट अडवू नका.

आणि इतके सारे करूनही त्याने खरोखरच तुमच्यावर नेम धरला, आडोसा उरला नाही, दुसरा मार्ग राहिला नाही, तर कायदा तुम्हाला जीव वाचवू देतो. तो धोका संपताच थांबा, 911 या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा, जखमीला मदत करा, काहीही हलवू नका, आणि पोलिसांना घटना कुठे झाली व कोण जखमी आहे एवढे सांगून पुढचे वकिलाच्या उपस्थितीत सांगेन असे शांतपणे म्हणा. तुमच्या कौंटीतल्या फौजदारी वकिलाचा क्रमांक हंगाम सुरू होण्याआधी फोनमध्ये घालून ठेवा.