आधी उसवून दाखव

पोरी,

रविवारी सुभाषनगरात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून तू तुझ्या नव्या कोल्हापुरी चपलांच्या दुकानासाठी पिशवीतून मालाचा एकेक नमुना काढलास. मशरूमचा, अननसाच्या पानाचा, जुन्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकचा आणि शेवटी, जरा ओशाळत, आपला म्हशीच्या कातड्याचा. "काका, यातलं कुठलं घेऊ?" म्हणालीस. मी चहा मागवला आणि विषय बदलला. तोंडावर बोललो असतो तर आवाज चढला असता. आता कागदावर चढला तर चढू दे.

पंचगंगेचं पाणी बघत वाढलेल्या पोरीला नदी का जपायची हे मी सांगणार नाही. तुझा घोळ निराळाच आहे. तू माल निवडत बसलीस. मी म्हणतो, आधी जोड बघ. कुठलीही वस्तू हातात आली की एकच विचार, ही उसवता येते का?

तुझा तो अननसवाला नमुना मी तू गेल्यावर नखानं खरवडून बघितला. धागा पानाचाच आहे, पण वर पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लॅस्टिकचाच, थर बसवलाय. धागा कुजेल, थर कुजणार नाही, आणि दोघांची फारकत करायला तुझ्याकडं ना यंत्र ना मी. इचलकरंजीच्या मागावरच्या पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाचं दुखणं तेच. सूत एकदा एकात एक पिळलं गेलं की संपलं. एलन मॅकआर्थर फाउंडेशनचा २०१७ चा अहवाल तूच मला मोबाइलवर दाखवलास ना? कपड्यांना जेवढा माल लागतो त्यातला १ टक्कासुद्धा परत कपडा होत नाही. तू तो आकडा वाचून हळहळलीस. मला नवल वाटलं नाही. उसवायचा विचार करून शिवतंय कोण?

आमचे वडील करायचे. कातडं शिवून त्याची पिशवी करायची, आत बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरायचं, टांगून ठेवायची. त्यात आठवडे जायचे. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं एका दिवसात कमावून होतं, म्हणून तर जग तिकडं गेलं. मग चपलेचा तळ, पट्टा, कान, अंगठा, सगळं कातड्याच्याच वादीनं शिवलेलं. खिळा नाही. तळ झिजला की आरी घालून वादी काढायची, नवा तळ लावायचा. वडिलांचं स्वतःचं पायताण मी तीनदा तळ बदलताना बघितलंय. वरची वेणी तीच, माझ्या आईनं विणलेली. (चुन्याचं घाण पाणी तेव्हाही गटारात जायचं. जुनं ते सगळं पवित्र, असं मी म्हणत नाही.)

आता माझं ऐक. १९९६ साली मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं दोन हजार जोड मागितले, मुदत दीड महिन्याची. वादीनं शिवून होणारं काम नव्हतं. मी रबरी तळ आणले, सोल्युशनचे डबे आणले, चिकटवून मोकळा झालो. एका पावसाळ्यात तळ सुटले. लोक दुरुस्तीला घेऊन आले आणि मी बसलो बघत. तळ ओढला की कातड्याचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघायचा, शिवायला कड उरायची नाही. तीनशेच्या वर जोड परत आले. शेडमागं पेटवून दिले. तो वास बायकोच्या लुगड्यातून चार दिवस गेला नाही.

का केलंस, असं विचारशील. घरात सात खाणारी तोंडं होती, बहिणीचं लग्न तोंडावर होतं, आणि सगळी लाइन तेच करत होती. गिऱ्हाईकालाही पावसात चालणारी, हलकी, स्वस्त चप्पल हवी होती. मी एकट्यानं काय नदी अडवायची होती? बघ, एवढ्या वर्षांनीही वकिली सुटत नाही. पण वडील तेव्हा जिवंत होते. ते काही बोलले नाहीत. जळक्या ढिगातून एक पट्टा उचलला आणि आत गेले.

म्हणून हट्ट धरतोय. टायरचा तळ लाव, माझी ना नाही, पण शिवून लाव. अननस घे, म्हैस घे, दोन वेगळ्या जातीचे माल एकमेकांना चिकटवू नकोस. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे माल या भागाचाच अशी सरकारी नोंद, मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्यासारखीच चप्पल मिरवली, तेव्हा गावभर आरडाओरडा झाला. नाव कुणाचं, डिझाइन कुणाचं यावर सगळे भांडले. ती तुटल्यावर शिवणार कोण, हे एकानं विचारलं नाही!

तू दुकानाचं नाव, लोगो, खोक्याचा कागद, सगळं ठरवून आलीस. दुरुस्तीचा दर ठरवलास का? तळ बदलायला कारागिराचा अर्धा दिवस जातो. त्याला नव्या जोडाइतकीच मजुरी दिली नाहीस तर तो नवाच जोड करेल, दुरुस्तीला हात लावणार नाही. हा पैसा पहिल्याच विक्रीत धर. जोड महाग होईल, चार मैत्रिणी नाकं मुरडतील, मुरडू देत. तळाच्या आतल्या बाजूला तारीख कोरून ठेव, परत आला की किती चालला ते कळेल. आणि विकायच्या आधी प्रत्येक नमुन्याचा एक जोड पूर्ण उसव. तुकडे वेगळे मांड. मांडता आले नाहीत तर तो नमुना रद्द, कितीही देखणा असू दे.

मुंबईच्या नोकरीचं विचारलंस, ते राहिलंच. जायचं तर जा. वर्षभरात काय काय चिकटवतात ते तरी बघून येशील.

येत्या रविवारी सकाळी ये, दुपारी मला डोळ्यांनी नीट दिसत नाही. सगळे नमुने आण आणि आजोबांचं जुनं पायताण माळ्यावर असेल तर तेही आण. आरी माझ्याकडं आहे, वडिलांचीच. नवी विकत आणू नकोस.

तुझा काका