आंब्याखाली कोणता पाम लावावा?

प्रश्न : प्रतापनगरच्या आमच्या घरी कंपाउंडलगत जुना वाफा आहे. मधोमध आंबा, कडेनं तगर आणि क्रोटन. खालची जमीन मात्र उघडी पडलीय. तिथे लहान पाम लावायचे आहेत. नर्सरीवाल्यानं अरेका सुचवला, सायकसही दाखवला. घरात कुत्र्याचं पिल्लू आहे. काय निवडावं आणि आंब्याच्या मुळांना धक्का न लावता कसं लावावं?
– एक वाचिका, नागपूर

उत्तर : ताई, आधी सायकस यादीतून काढून टाका. तो पाम नव्हेच, नर्सरीत पामांच्या रांगेत उभा असतो एवढंच. त्याचा प्रत्येक भाग कुत्र्याला विषारी, बी तर सगळ्यात जास्त. घरात दिसेल ते चावणारं पिल्लू असताना हा धोका कशाला?

अरेका आज गुडघ्याएवढा दिसतो म्हणून लहान नाही. जमिनीत रुजला की त्याचं बेट पसरतं आणि पंधरा-वीस फूट उंच सहज जातं. तुमची तगर त्यात दिसायचीही नाही.

सावलीत जगणारे पाम पुष्कळ आहेत. आपल्याकडे खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत. पारा ४५ च्या पुढे, हवेत ओलावा नाही आणि दुपारभर लू. कोकणातल्या बागेत सुरेख दिसणारी पंख्यासारख्या गोल पानांची लिकुआला इथे मे महिन्यात कडांनी जळते, फाटते. बुटका चामेडोरिया, ज्याला पार्लर पाम म्हणतात, तोही दमट हवेचा भोक्ता. तो व्हरांड्यातल्या कुंडीतच बरा.

माझं मत रॅपिसला. बोटाएवढ्या जाडीच्या काड्या, त्यांवर काथ्यासारखं तपकिरी आवरण, टोकाला हाताच्या पंजासारखी गडद पानं. जमिनीखालून नवे कोंब काढत हळूहळू दाट होतो. उंची सहा-आठ फूट, तीही बऱ्याच वर्षांनी. घनदाट सावली त्याला चालते. उलट थेट उन्हात ठेवलात तर पिवळा पडतो. महाग असतो, कारण वाढतोच सावकाश. म्हणून तीन रोपं घ्या, दोन-अडीच फुटांवर लावा आणि मधली जागा भरायची घाई करू नका. वाफ्याच्या ज्या टोकाला सकाळचं ऊन येतं तिथे एखादा बुटका खजूर, म्हणजे फिनिक्स रोबेलेनी, शोभेल. पण त्याच्या देठांच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात, तेव्हा पायवाटेपासून लांब.

आता लावणी. मोठ्या कुंडीतलं भरदार झाड घेऊ नका, पिशवीतलं लहान रोप घ्या. मोठ्या झाडाला मोठा खड्डा, आणि मोठ्या खड्ड्यात आंब्याची मुळं तुटणारच. जुलैत पावसानं उघडीप दिली की लोखंडी सळई जमिनीत खुपसून पाहा. ती अडेल तिथून बाजूला सरका, सहज जाईल तिथेच खुरप्यानं खणा. अंगठ्याएवढं जाड मूळ दिसलं तर जागा बदला, मूळ कापू नका. काही जण सगळ्या वाफ्यावर फूटभर नवी माती ओततात. त्यानं आंब्याची वरची मुळं गुदमरतात, ते करू नका. आपली काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा खड्ड्यापुरती कन्हान नदीची रेती, कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच ठेवायचं.

पहिले दोन उन्हाळे पाण्याकडे लक्ष हवं, कारण तुम्ही घातलेल्या पाण्यातलं बरंचसं आंबाच पिऊन टाकतो. रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा दोन दिवसांआड मुरेपर्यंत द्या. आंब्याचाच पाला दोन-तीन इंच पसरा, फक्त बुंध्याला चिकटवू नका, वाळवी लागते.

अन् हो, कूलरची टाकी धुताना उरलेलं पाणी झाडांना ओतायची सवय नागपुरात घरोघरी आहे. पामांना ते देऊ नका. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात, बोअरचं पाणी असलं की विचारूच नका. पानांची टोकं तपकिरी पडतात ती अनेकदा त्यामुळेच, आणि लोक मात्र कीड समजून फवारत बसतात. खरी कीड, लाल कोळी, उन्हाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी करते. ती दिसली तर संध्याकाळी पाइपनं पानं उलटून धुतली की बहुतेक वेळा भागतं.