शंभरपर्यंत म्हणतो, पण सात चमचे मोजता येत नाहीत

तुमचा लेक साडेचार वर्षांचा. शंभरपर्यंत आकडे न अडखळता म्हणतो, पण सात चमचे आण म्हटलं की मूठभर घेऊन येतो, आणि 25 लिही म्हटलं की 52 लिहितो. म्हणून अ‍ॅबॅकसचा क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात लावू नका. बावीस वर्षं बालवाडीत शिकवतेय, तुम्ही लिहिलंय त्यात काळजीचं मला काही दिसत नाही.

शंभरपर्यंत म्हणणं हे पाठांतर आहे, शुभंकरोतीसारखं. ते वाईट नाही, पण ते मोजणं नव्हे. माझ्या वर्गात एक चार वर्षांची मुलगी होती. तिच्यापुढे चिंचोके मांडले. एकेकावर बोट ठेवत तिने अगदी बरोबर मोजले, सातपर्यंत. मी विचारलं, "किती आहेत गं?" ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. परत विचारलं, परत मोजले. तिच्या लेखी 'किती' म्हणजे 'मोजून दाखव'. शेवटी उच्चारलेला 'सात' हा फक्त शेवटच्या चिंचोक्याचा नाही, सगळ्यांचा मिळून आहे, हे तिला अजून उमगलं नव्हतं. हे उमगायला वेळ लागतो. मूल आधी 'एक दे' नीट समजतं, काही महिन्यांनी 'दोन दे', मग 'तीन दे'. मी तिच्याशी बोलताना आधी संख्या सांगायचे, मग मोजायचे: "हे बघ तीन चिंचोके. एक, दोन, तीन. तीन." दीड-दोन महिन्यांनी खाऊच्या वेळी तीच म्हणाली, "ताई, आम्ही पाच जण, वाट्या चारच आहेत." बोट न लावता! मला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं.

तुमच्या घरीही हेच करा. पानं घ्यायचं काम त्याला द्या. प्रत्येकाला एक वाटी, एक चमचा, अशी जोडी लावू दे. आधी तीन-चारच्या आत राहा, साताची घाई नको. चुकला तर "चूक" म्हणू नका, "बघूया हं" म्हणत त्याच्यासोबत मोजा.

साहित्य विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं असं आसपास मिळेल तेच वापरलं. आजही त्याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. आणि आजीला सागरगोटे येत असतील तर तिच्याजवळ बसवाच. पाचातला एक वर उडवला की खाली चार उरतात. एकखईत ते एकेक उचलायचे, दुखईत दोन आणि दोन, तिखईत तीन आणि एक. चार किती प्रकारांनी फुटतो, ते हाताला कळतं. एवढ्या लहान मुलाला झेलणं जमणार नाही, पण नुसतं उचलणं जमतं. (घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बिया, गोटे त्याच्या हाती लागू देऊ नका, गिळण्याची भीती असते.)

आता जे फार कमी पालक विचारतात ते. गणित म्हणजे नुसते आकडे नव्हेत. कुठली वस्तू कुठे आहे, ती फिरवली तर कशी दिसेल, दोन तुकडे जोडले तर काय होईल, हेही गणितच आहे. आपण दिवसभर "ते तिकडे ठेव", "हे घे" म्हणतो. त्याऐवजी "तांदळाच्या डब्यामागे", "दोन उशांच्या मध्ये", "खालून दुसऱ्या फळीवर" असं म्हणा. घडीची पोळी लाटताना त्याला शेजारी घ्या. गोल पोळी एकदा दुमडली की काय होईल, पुन्हा दुमडली की काय, हे दुमडण्याआधी विचारा. तो अंदाज बांधतो आणि लगेच डोळ्यांपुढे तपासतो. चतकोर हा शब्दही त्याला तिथेच द्या. पाटीवर चार-चार ठिपक्यांच्या चार ओळी काढून छोटी रांगोळी काढा आणि शेजारी तशीच त्याला काढायला सांगा. कोणत्या ठिपक्यापासून कोणत्या ठिपक्यापर्यंत, हे शोधताना त्याची जी एकाग्रता लागते ती बघाच.

सापशिडी खेळत असाल तर एक बदल करा. सोंगटी पाचवर असताना तीन पडले तर "एक, दोन, तीन" म्हणू नका. घरातले आकडे म्हणा: "सहा, सात, आठ." आकड्यांची रांग डोक्यात बसते ती यानेच.

राहिलं 25 आणि 52. हा दोष मुलाचा नाही, आपल्या संख्यानामांचा आहे. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस, म्हणून तो आधी 5 लिहितो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची हीच अडचण सांगत होत्या. वर्गात जे रोज दिसतं त्यावरून मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. पण तुमच्या मुलाला 25 लिहायची इतक्यात गरजच नाही. सहाव्या वर्षी आइस्क्रीमच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा, दोन जुड्या आणि पाच सुट्या समोर ठेवा, मग लिहू दे.

शाळेतून रोज आकडे गिरवायचा गृहपाठ येत असेल तर बाईंना भेटून निम्मा करून घ्या. सहा वर्षांचा झाल्यावरही पाच वस्तू मोजून देता आल्या नाहीत, तर मात्र बालविकास तज्ज्ञांना दाखवा. दीड-दोन महिन्यांनी चमच्यांचं काय झालं ते मला नक्की कळवा.