नकार ऐकल्यानंतर, नकार देण्याआधी

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून नागपूरला मिहान या औद्योगिक भागातील एका कंपनीत नोकरी करतो. एका मुलीशी माझे साडेतीन वर्षे प्रेमसंबंध होते. दोन्ही घरी ते ठाऊक होते. माझ्या आईने तर तिच्यासाठी बांगड्याही घडवून ठेवल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी तिने मला शंकरनगरला भेटायला बोलावले आणि हे नाते पुढे न्यायचे नाही, असे शांतपणे सांगितले. कारण विचारल्यावर ‘माझे मन आता यात नाही’ एवढेच ती म्हणाली. हे काय कारण झाले? मी तिला मोठे पत्र लिहिले, तिच्या मैत्रिणीकरवी निरोप पाठवला, पण उत्तर आले नाही. तीही मिहानकडेच कामाला जाते, म्हणून सकाळी सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर, जिथे ती गाडी बदलते, तिथे मी थोडा वेळ थांबतो. बोलत नाही, ती फक्त दिसावी एवढीच इच्छा असते. डिसेंबरमध्ये आमच्या एका मित्राचे लग्न आहे. तिथे तिला एकदा समोरासमोर विचारावे असे मनात आहे. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : उद्या सकाळपासून सीताबर्डीला थांबणे बंद करा. बाकीचे सारे यानंतर.

तुम्ही बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आज बोलणार नाही याची खात्री तिला कोठून असणार? लोकमान्यनगरकडून येणाऱ्या गाडीतून उतरून खापरीच्या गाडीकडे जाताना तिची नजर रोज गर्दीत तुम्हाला शोधत असेल, आणि ती शोधण्यामागे ओढ नसून धास्ती असेल. कदाचित तिने घरून निघण्याची वेळही बदलली असेल. तुमच्या दृष्टीने जे मुके प्रेम आहे, ते तिच्या दृष्टीने पाळत ठेवणे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने अनिच्छा स्पष्ट केल्यानंतरही पुरुषाने वारंवार तिच्या मागे जाऊन संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी त्यासाठी तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. तुम्हाला गुन्हेगार ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पत्र, निरोप आणि रोजची हजेरी ही एकाच वाटेवरची पावले आहेत, आणि भल्या माणसालाही ती वाट कुठे पोहोचवते हे चालताना कळत नाही, म्हणून लिहितो.

तुमचे दुःख मी लहान मानत नाही. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकताच प्रेमभंग झालेल्या १५ जणांना त्यांच्या दुरावलेल्या जोडीदाराचे छायाचित्र दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, अमली पदार्थांच्या तलफेशी जोडलेले मेंदूतील भाग त्या वेळी सक्रिय होतात. अभ्यास लहान आहे, पण तुमच्या सकाळचे कोडे त्यातून उलगडते. तिला ओझरते पाहिल्यावर घटकाभर जीव शांत होतो आणि दुपारपर्यंत तळमळ दुप्पट होते, ती याच कारणाने. मोबाइलमधील फोटो पुन्हा पुन्हा उघडण्याचेही तेच आहे. ते फोटो नजरेआड करा, आणि त्यांपैकी जे केवळ तुम्हा दोघांपुरते होते ते कायमचे काढून टाका; ते जवळ ठेवण्याचा अधिकार नात्याबरोबरच संपला.

आता कारणाविषयी. ‘माझे मन आता यात नाही’ हे कारण आहे, आणि सांगायला सर्वांत अवघड असे कारण आहे. ‘घरचे तयार नाहीत’ किंवा ‘तुझी नोकरी दूर आहे’ असे तिने म्हटले असते, तर तुम्ही घरच्यांना भेटला असता, नोकरी बदलायला निघाला असता. आपल्याला कारण हवे असते ते बहुतेक वेळा समजून घेण्यासाठी नव्हे, तर खोडून काढण्यासाठी. तुमचे ते मोठे पत्र पुन्हा वाचून पाहा, त्यात तिच्याविषयी किती आहे आणि तिचे म्हणणे कसे चुकीचे आहे याविषयी किती. नकार हा खालच्या कोर्टाचा निकाल नव्हे की त्यावर वर दाद मागावी. तिने तुम्हाला बोलावून, समोर बसून, आवाज न चढवता सांगितले. साडेतीन वर्षांचा मान तिने त्या भेटीत राखला, असे मला वाटते. फोन उचलणे बंद करून नाते विझू देणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

त्या पत्राबद्दल आणि स्थानकाबद्दल तिची क्षमा मागावी, असे हे वाचून कदाचित तुमच्या मनात येईल. तीही मागू नका. क्षमेचा निरोप हासुद्धा निरोपच असतो, आणि त्याला उत्तर द्यायचे की नाही हे ओझे पुन्हा तिच्यावरच पडते. तिच्या मैत्रिणीलाही आता यातून मोकळे करा.

तुमची खरी कसोटी मला घरी दिसते. बांगड्या घडवणाऱ्या आईनेही काही गमावले आहे, आणि दुखावलेली आई ‘तिनेच फसवले’ म्हणू लागते तेव्हा मुलाला ते ऐकून बरे वाटते. तिथे गप्प राहू नका. ‘आई, तिने फसवले नाही, तिचे मन नव्हते आणि तिने ते खरे सांगितले’ हे वाक्य तुमच्याच तोंडून आले पाहिजे, कारण दुसऱ्या कोणाच्या तोंडून आईला ते पटणार नाही. नागपूर कितीही वाढले तरी कोणाची मावशी धरमपेठेत आणि कोणाची आत्या महालात असतेच. आईने हळदीकुंकवात काढलेला एक उसासा महिनाभरात तिच्या घरापर्यंत पोहोचतो, आणि पुढे तिचे लग्न ठरायच्या वेळी तोच आडवा येतो. मित्रांच्या कट्ट्यावरही हेच लागू आहे. तुमची बाजू घेण्यासाठी ते तिला नावे ठेवू लागतील, आणि त्यांना थांबवताना तुम्हाला फार एकटे वाटेल. तरीही थांबवा. बांगड्यांचे काय करायचे ते आईला ठरवू द्या, आणि त्याची घाई नको.

मित्राच्या लग्नाला जावे की नाही, हे तेव्हाच्या मनःस्थितीवर सोडा. गेलात तर नजरानजर झाल्यावर मान हलवून ओळख द्या, दुसऱ्या पंगतीत बसा, आणि प्रश्न घरी ठेवून जा. मांडवात सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नापासून तिला उठून जाता येत नाही, आणि जिथून उठून जाता येत नाही तिथे प्रश्न विचारू नये. जाणे जमणार नसेल तर मित्राला आठवडाभर आधी फोन करून स्वच्छ सांगा. तो समजून घेईल.

झोप आणि जेवण कित्येक आठवडे तुटले असेल, कामात लक्षच लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर एकट्याने सोसू नका. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी ३१ वर्षांची शिक्षिका आहे. घरच्यांनी आणलेल्या एका स्थळाशी चार महिने बोलणे चालू आहे. अंबाझरीच्या बागेत दोनदा भेटही झाली. माणूस चांगला आहे, पण त्याच्याशी लग्न करावेसे मला वाटत नाही. बाबा म्हणतात, ‘पत्रिका जुळत नाही असे कळवून टाकू, म्हणजे कोणाचे मन दुखणार नाही.’ ते योग्य होईल का?

उत्तर : कांदेपोह्यांच्या एका भेटीनंतर तुमच्या बाबांचा मार्ग वापरायला माझी हरकत नसती. पत्रिकेच्या आडून नकार देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ऐकणाराही तिचा अर्थ ओळखतो. चार महिन्यांनंतर मात्र तो तसा ओळखणार नाही. त्याला तो अडथळा वाटेल, तो दुसऱ्या ज्योतिषाकडे पत्रिका नेईल, शांत करून घेऊ म्हणेल, आणि तुम्हाला पहिल्या खोट्यासाठी दुसरे खोटे शोधावे लागेल. मन दुखणारच आहे. ते एकदा दुखावे की हप्त्याहप्त्याने, एवढेच तुमच्या हाती आहे.

त्याला तुम्ही स्वतः सांगा, भेटून किंवा फोनवर, पण संदेश लिहून नको. हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात करू नका. नकार पहिल्याच वाक्यात येऊ द्या. ‘मी खूप विचार केला, आणि मला हे लग्न करायचे नाही’ इतके पुरे. त्याचे दोष मोजू नका, आणि ‘तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या मुलीला पात्र आहात’ असेही म्हणू नका, कारण त्या वाक्याने ऐकणाऱ्याला कधीच बरे वाटत नाही. तो रागावला किंवा गप्प झाला तर त्याला तसे असू द्या. समजूत काढायला रात्री पुन्हा फोन केलात, तर त्याला त्यात आशा दिसेल.

बाबांनी त्याच दिवशी त्याच्या वडिलांशी बोलावे, मध्यस्थाकडून ही गोष्ट त्यांच्या कानावर जाण्याआधी. आणि सणावाराला त्यांच्याकडून साडी वगैरे आली असेल, तर ती कुरिअरने न पाठवता बाबांनी स्वतः नेऊन द्यावी आणि त्यांनी दिलेला चहा घेऊन यावे.