रक्तवाहिनीच्या आतले अस्तर केवळ रक्त सुरळीत वाहावे म्हणूनच असते का?

नाही. प्रश्नातला ‘केवळ’ हा शब्द वाचून राहवले नाही, कारण १९९४ साली पुण्यात एम. फार्म. करत असताना माझ्या मार्गदर्शकांनी हेच ऐकवले होते: “अस्तर म्हणजे भिंतीचा गिलावा. काम करतो तो स्नायू.”

उंदराच्या महाधमनीची मळसूत्री कापलेली पट्टी ३७ अंशांच्या क्रेब्ज द्रावणात (ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) टांगायची, नॉरॲड्रेनलिनने ती आकसवायची आणि ॲसिटिलकोलिन हे औषध घातल्यावर सैल पडते का, हे किमोग्राफ या लेखणीने हालचाल नोंदणाऱ्या यंत्राच्या काजळी धरलेल्या कागदावर पाहायचे, असा तो प्रयोग होता. माझी पट्टी दोन दिवस सैल पडेना. बाटलीतले औषध खराब झाले, असा निकाल सरांनी दिला. नवी बाटली आली, तरी लेखणी ढिम्म. मग लक्षात आले की आत रक्ताची गुठळी राहू नये म्हणून मी प्रत्येक पट्टी ओल्या कापसाच्या बोळ्याने आतून पुसत होतो. पुढची पट्टी आतल्या बाजूला कशाचाही स्पर्श होऊ न देता कापली, नुसती द्रावणाने धुतली, आणि ‘खराब’ ठरलेल्या जुन्याच बाटलीतले औषध घालताच लेखणी सरसर खाली आली. सर म्हणाले, “योगायोग.”

तो योगायोग नव्हता. रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवर हीच गोष्ट दाखवून १९८० साली प्रसिद्ध केली होती, म्हणजे आमच्या वादाच्या चौदा वर्षे आधी. पुसण्याने जातो तो एंडोथेलियम, म्हणजे हेच अस्तर, हा चपट्या पेशींचा एकेरी थर. या पेशी फरशांसारख्या एकमेकींना खेटून तळपटलावर, म्हणजे खालच्या पातळ आधारपडद्यावर, बसलेल्या आणि प्रवाहाच्या दिशेने लांबट झालेल्या असतात. ॲसिटिलकोलिन मिळताच, किंवा वाहत्या रक्ताचे घर्षण जाणवताच, त्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात. तो शेजारच्या स्नायूत झिरपतो आणि स्नायू सैलावतो. या संशोधनासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि म्युराड यांना १९९८ चे नोबेल मिळाले, तेव्हा ते कात्रण घेऊन मी सरांकडे गेलो होतो. त्यांनी चहा दिला. कात्रण पाहिले नाही.

बाकीची कामेही गिलाव्याची नव्हेत. याच पेशी प्रोस्टासायक्लिन हे रसायन सोडून बिंबिकांना (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटना) गोळा होऊ देत नाहीत, आणि वाहिनी फाटली की साठवून ठेवलेला फॉन विलेब्रांड घटक हे प्रथिन सोडून त्याच बिंबिकांना चिकटायला लावतात. मेंदूत या अस्तरपेशींमधल्या फटी घट्ट मिटलेल्या असतात, यकृतात भोके ठेवलेली असतात. सगळीकडे एकच गिलावा असता, तर हा फरक कशाला पडला असता?

आपण विद्यार्थी असाल, तर प्रयोग फसल्यावर बाटलीला दोष देण्याआधी पट्टी कोणी आणि कशी साफ केली ते विचारा, आणि प्रबंधात तेच लिहा. माझ्या प्रबंधात ‘औषध निकृष्ट होते’ हे वाक्य आजही आहे. सरांनी सांगितले होते हे खरे, पण टंकलेखकाला ते लिहून मीच दिले होते.

एक सांगायचे राहिले. वर लिहिलेले मोठ्या धमनीबद्दल आहे. अगदी बारीक धमन्यांत हेच अस्तर नायट्रिक ऑक्साइडपेक्षा विद्युतभार बदलण्याच्या मार्गाने स्नायूला अधिक सैलावते, त्यामुळे माझ्या पट्टीवरून सगळ्या वाहिन्यांचा हिशेब मांडू नये.